घरच्या बासरीसाठी कोणता पाइप घ्यावा? नागपूरच्या बाजारातल्या नळ्यांची पारख

घरी पहिली बासरी करायची असेल तर प्लंबिंगच्या दुकानातून अर्ध्या इंचाचा, शेड्यूल 40 (हा भिंतीच्या जाडीचा दर्जा) छापलेला यूपीव्हीसी पाइप घ्यावा. इलेक्ट्रिकच्या दुकानातला वायरिंगचा पाइप स्वस्त असतो आणि कोपऱ्यावर मिळतो, पण त्याच्यावर केलेली मेहनत बासरीत उतरत नाही. पाऊण इंचाचा सीपीव्हीसी दुसऱ्या बासरीसाठी उत्तम. आणि आपल्या विदर्भातला बांबू, कितीही जवळचा वाटला तरी, या कामाचा नाही.

इतवारीत किंवा बर्डीवर पाइप मागितला की दुकानदार विचारतो, पाण्यासाठी की वायरिंगसाठी? बासरीसाठी म्हटले तर तो जो हाताशी असेल तो देतो. म्हणून काय बघायचे ते घरूनच ठरवून जावे. बघायच्या गोष्टी दोनच आहेत: आतला व्यास आणि भिंतीची जाडी. बासरीत वाजते ती आतली हवा. नळी प्लास्टिकची की बांबूची, याने सुरात फार थोडा फरक पडतो. नळी आतून किती रुंद आहे, फुंकायच्या छिद्राची कड किती उंच आणि किती धारदार आहे, याने पडणारा फरक कोणालाही ऐकू येतो.

वायरिंगचा 20 मिमी पाइप आधी घेऊ, कारण बहुतेक जण तोच उचलतात. यातले 20 हे माप बाहेरचे असते. मध्यम दर्जाच्या पाइपात आतला व्यास सुमारे 17 मिमी, म्हणजे भिंत दीड मिमी. गोम इथेच आहे. ओठातून निघालेली हवेची पट्टी छिद्राच्या समोरच्या कडेवर आपटते आणि तिथे सूर जन्मतो. कडेला पुरेशी खोली नसेल तर खालचे सूर फुसके येतात, फुंकर जरा वाढली की फुटून वरच्या सप्तकात उडतात. शिकणाऱ्याला वाटते आपलेच चुकते आहे. शिवाय हा पाइप वायर घालण्यासाठी बनवतात, पिण्याच्या पाण्यासाठी नाही. रोज ओठांना लागणारी वस्तू करताना हे मनात धरायलाच हवे. ज्यांच्याकडे तो पडूनच आहे त्यांच्यासाठी उपाय आहे: 25 मिमीच्या पाइपाचा तीन सेंटिमीटरचा अर्धगोल तुकडा कापावा, उकळत्या पाण्यात मिनिटभर धरून मऊ करावा, बासरीच्या नळीवर दाबून बसवावा आणि पाइपाच्या सोल्युशनने चिकटवून पूर्ण वाळल्यावर त्यातून फुंकायचे छिद्र पाडावे. भिंत तिथे तीन मिमीची होते आणि खालचे सूर लगेच भरतात. पण नवीन पाइप विकतच घ्यायचा असेल तर एवढा उपद्व्याप कशाला?

अर्ध्या इंचाच्या शेड्यूल 40 यूपीव्हीसीची मापे अशी: बाहेरचा व्यास 21.3 मिमी, भिंत 2.8, आतला व्यास 15.8 मिमीच्या आसपास. बासरीच्या बांबूची भिंत साधारण एवढीच असते. बोटांना छिद्राची कड स्पष्ट लागते, नळी वाकत नाही आणि वजन हातात जाणवण्याइतके असते. दुकानात एक चूक हमखास होते. शेड्यूल 80 चा पाइप दिसायला सारखाच असतो आणि तोच पुढे केला जातो. त्याची भिंत 3.7 मिमी, आतला व्यास जेमतेम 14. त्यावर वरचे सूर सहज निघतात, पण मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, बसका येतो. तेव्हा पाइपावरची छपाई वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दहा फुटांच्या नळीत सहा बासऱ्या आरामात निघतात. शाळेसाठी किंवा सोसायटीतल्या मुलांसाठी करायच्या असतील तर पूर्ण नळी घेणेच परवडते.

पाऊण इंचाचा सीपीव्हीसी, गरम पाण्याच्या लाइनीला लावतात तो पिवळसर पाइप, बाहेरून 22.2 मिमी आणि आतून सुमारे 18 असतो. भिंत दोन मिमी. यावर खालचे सूर जास्त गोल आणि भरदार येतात. बदल्यात श्वास जास्त लागतो. ज्याची फुंकर अजून स्थिर नाही त्याला दोन ओळींत दम लागेल. काळी पाचच्या बासरीला, म्हणजे जिचा षड्ज (सा) पेटीच्या पाचव्या काळी पट्टीवर येतो तिला, तो फार छान बसतो.

निवडीचा एक साधा आडाखा ध्यानात ठेवावा. फुंकायच्या छिद्रापासून टोकापर्यंतची लांबी भागिले आतला व्यास, हे उत्तर साधारण 22 ते 27 यांच्या मध्ये असावे. 22 च्या खाली नळी हवा खाते, 27 च्या वर मंद्र सूर दुबळे होतात.

बांबूबद्दल दोन शब्द, कारण नागपुरात हा प्रश्न येतोच. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट सगळीकडे बांबू, मग बासरीचा बांबू आसामातून का येतो? आपल्या जंगलात मुख्य आहे तो मानवेल. तो जवळजवळ भरीव असतो, काठ्या आणि लाठ्या त्याच्याच होतात. कटांग पोकळ असतो, पण भिंत जाड आणि पेरे आखूड. बासरीला हवी पातळ भिंत, सरळ पोकळी आणि दोन गाठींमध्ये फूट-दीड फुटाचे सलग पेर. ते ईशान्येकडच्या जातींत मिळते. बुरडाकडून आणलेल्या कांबीत किंवा काठीत ते शोधू नये. आणि ईशान्येतल्या दमट हवेत वाढलेल्या बांबूची बासरी नागपूरच्या मे महिन्यात आणली की आणखी एक संकट. हवा कोरडी ठणठणीत, बांबू झपाट्याने वाळतो आणि लांबीत चिरतो. विकत घेतलेल्या बांबूच्या बासरीवर दोऱ्याचे घट्ट वेढे असतात ते शोभेसाठी नसतात. ते नसतील तर उन्हाळ्याआधी घालून घ्यावेत आणि आतून तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. जवसाचे तेल वाळून कडक थर धरते, म्हणून थेंबभरच. प्लास्टिकच्या नळीला ही काळजीच नाही. म्हणून इथल्या हवेत पहिली बासरी प्लास्टिकची असावी.

आता हाच अर्ध्या इंचाचा पाइप घेऊन पांढरी एकची छोटी बासरी कशी होते ते पाहू. यात षड्ज 523 हर्ट्झवर येतो आणि सहाही छिद्रे बंद केल्यावर मंद्र पंचम 392 हर्ट्झवर. बाराएक वर्षांच्या मुलाची बोटेही त्यावर पुरतात.

46 सेंटिमीटरचा तुकडा कापावा. पाइपाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेने हॅकसॉ चालवला की काप काटकोनात येतो. छपाईची ओळ पाइपावर सरळ गेलेली असते, तिच्याच आधाराने सगळी छिद्रे एका रेषेत घ्यावीत. एका टोकापासून 4 सेंटिमीटरवर फुंकायच्या छिद्राचा मध्य. पुढची सगळी मापे याच मध्यापासून मोजायची.

छिद्र थेट मोठ्या बिटने पाडू नये. प्लास्टिकमध्ये मोठे बिट अडकते, पाइप हातातून फिरतो आणि कड फाटते. आधी 3 मिमी, मग 6, मग 8, ड्रिल हळू, पाइप शिकंज्यात कापड गुंडाळून पकडलेला. शेवटचा मिलिमीटर-दोन मिलिमीटर गोल कानशीने. फुंकायचे छिद्र शेवटी 10 बाय 11 मिमीचे, किंचित लंबगोल, लांब बाजू नळीच्या दिशेने. ओठापासून लांबची कड धारदार ठेवावी आणि आतल्या बाजूने जराशी तिरपी घासावी. या एका कडेवर निम्मा आवाज अवलंबून आहे, म्हणून इथे वेळ द्यावा. पॉलिश पेपरने ती गोल करून टाकली की सूर घोगरा होतो आणि मग काही केल्या सुधारत नाही.

तापलेल्या गजाने भोके पाडायची पद्धत बांबूची आहे. पीव्हीसीवर ती चुकूनही वापरू नये. पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो डोळे आणि फुप्फुसे जाळतो. सोल्डरिंग आयर्नसुद्धा नको. कानशीचा भुसा उडतो म्हणून पाइप ओला करून घासावा, तोंडाला मास्क लावावा.

बूच म्हणून खोडरबर गोल कापून त्यावर नळवाल्याची टेफ्लॉन टेप गुंडाळली की ते घट्ट आणि हवाबंद बसते, शिवाय मागेपुढे सरकवता येते. ते फुंकायच्या छिद्राच्या मध्यापासून 16 मिमीवर, म्हणजे साधारण आतल्या व्यासाइतक्या अंतरावर. बूच लांब गेले की वरचे सप्तक उतरते, फार जवळ आले की चढते. सरकवता येणारे बूच हवे ते यासाठीच.

बोटांची छिद्रे पाडण्याआधी थांबावे, कारण संगीताचा पहिला धडा या कोऱ्या नळीतच आहे. हळू फुंकले की एक सूर येतो. ओठ जरा आवळून जोर वाढवला की तोच सूर वरच्या सप्तकात, दुप्पट कंपनांचा. आणखी वाढवला की मूळच्या तिप्पट कंपनांचा. खालचा सूर पंचम धरला तर दुसराही पंचमच, तिसरा मात्र रिषभ. दोन्ही टोकांनी उघड्या नळीचे हे वागणे आहे, आणि फुंकायचे छिद्र हे त्यातले एक उघडे टोकच. सप्तक म्हणजे काय हे फळ्यावर समजावण्यापेक्षा इथे दोन मिनिटांत कळते.

आता टोक कापून पंचम लावायचा. सुरुवातीला छिद्राच्या मध्यापासून टोक 41.5 सेंटिमीटरवर ठेवावे. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये सूर 392 च्या खाली दिसेल. एक मिलिमीटर कापला की तो सुमारे 4 सेंट चढतो, एका अर्धस्वराचे 100 सेंट. शेवटी लांबी 40 च्या थोडी वर येऊन थांबते. पंचम पाच-दहा सेंट चढाच सोडावा. बोटांची छिद्रे झाली की बंद छिद्रांच्या पोकळीमुळे नळीची आतली जागा वाढते आणि तो तेवढा आपोआप उतरतो.

बोटांच्या छिद्रांची सुरुवातीची अंतरे फुंकायच्या छिद्राच्या मध्यापासून सेंटिमीटरमध्ये अशी: 18.4, 21.2, 24.5, 28.0, 30.0 आणि 33.8. सगळी आधी 6 मिमीची. काम टोकाकडून सुरू करायचे. सर्वांत खालचे छिद्र उघडले की धैवत, दोन उघडली की निषाद, तीन उघडली की षड्ज, चार रिषभ, पाच गंधार, सहाही उघडली की तीव्र मध्यम. 6 मिमीवर प्रत्येक सूर उतरलेलाच असेल. कानशीने वाढवत नेले की चढत जातो. कानस फुंकायच्या छिद्राच्या बाजूला चालवली तर जास्त चढतो. शेवटी छिद्रे 8 ते 10 मिमीची होतात, षड्जाचे जरा लहान आणि निषादाचे मोठे, कारण ही दोन अगदी शेजारी आहेत. खालचे छिद्र लागल्याशिवाय वरच्याला हात लावू नये, खालचे बदलले की वरचा सूर हलतो. एखादे जास्त मोठे झाले तर आतल्या कडेवर थोडे मेण लावून ते परत आणता येते.

ही अंतरे कुठून आली हे समजले तर मापे पाठ करायची गरज पडत नाही. मंद्र पंचमाच्या तुलनेत षड्जाची हवा तीन-चतुर्थांश लांबीची लागते आणि रिषभाची दोन-तृतीयांश. मग छिद्र बरोबर त्या जागी का नाही? कारण छिद्र नळीपेक्षा अरुंद असते. हवा तिथे एकदम संपत नाही, थोडी पुढे जाते. म्हणून छिद्र तेवढे मागे, ओठांच्या बाजूला घ्यावे लागते. छिद्र जितके लहान, तितके मागे.

एक गोष्ट ट्यूनर सांगत नाही. तो बारा समान अर्धस्वर मोजतो. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार त्याच्या काट्यापेक्षा 14 सेंट खाली असतो, धैवत 16 आणि निषाद 12. तेव्हा षड्ज आणि पंचम ट्यूनरवर लावावेत, बाकीचे सूर मोबाइलवर तानपुरा पांढरी एकला लावून कानाने. गंधार तानपुऱ्यात मिसळला की काटा डावीकडे दिसेल. काट्याला तसेच राहू द्यावे. पेटीबरोबरच वाजवायचे असेल तर मात्र काटा मध्यावर आणावा.

सहाही छिद्रे उघडल्यावर तीव्र मध्यम येतो, म्हणजे ही बासरी हात न वाकवता कल्याण थाट देते. शुद्ध मध्यमासाठी सर्वांत वरचे छिद्र अर्धे झाकावे लागते आणि ते नव्या बोटांना जमत नाही. म्हणून सुरुवात भूप रागाने करावी. सा, रे, ग, प, ध: मध्यम नाही, निषाद नाही, अर्धे छिद्र नाही. फक्त मध्य पंचमासाठी सगळी छिद्रे बंद करून फुंकर वाढवायची, जी कोऱ्या नळीवर आधीच जमलेली असते.

आवाजच निघत नसेल तर दोष बहुतेक वेळा ओठांत किंवा बुचात असतो. नळीचे दूरचे टोक तळहाताने बंद करून बुचाच्या बाजूने हवा फुंकून बघावी, गळती लगेच कळते. वरचे तीन सूर येतात आणि खालचे येत नाहीत, तर एखादे बोट छिद्र पूर्ण झाकत नाही. बोटाचे टोक नको, पेराचा मऊ भाग ठेवावा. सगळेच सूर हवा मिसळून येत असतील तर फुंकायचे छिद्र प्रमाणापेक्षा मोठे झाले आहे, आणि त्याला इलाज नाही. नवा तुकडा घ्यावा.

नागपूरच्या हवेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि बासरी चढते. जानेवारीची पहाट 12 अंशांची आणि मेची दुपार 45 ची, यात कागदावर जवळजवळ एक पूर्ण अर्धस्वराचा फरक निघतो. वाजवताना नळीत आपल्या श्वासाचीच हवा असते म्हणून प्रत्यक्षात तो कमी होतो, पण पेटीबरोबर बसलात तर कानाला खटकेलच, कारण पेटीचे सूर उन्हाने फारसे हलत नाहीत. बासरी हिवाळ्यात लावलेली बरी. उन्हाळ्यात ती चढली तर ओठाने छिद्र थोडे जास्त झाकून उतरवता येते. मे महिन्यात लावलेली बासरी डिसेंबरात उतरली तर चढवायला जागा उरत नाही. सूर लावण्याआधी दोन मिनिटे फुंकून नळी गरम करावी, आणि कूलरसमोर बसू नये. कूलरचा झोत ओठांजवळची हवेची पट्टी उडवतो, सूर तुटतो आणि दोष बासरीला दिला जातो. उन्हात उभ्या गाडीत पीव्हीसीची बासरी ठेवली तर ती वाकून बसते.

फुटाळ्यावर किंवा रामटेकच्या जत्रेत काठीला खोचून विकतात त्या बासऱ्यांचे काय? मुलाच्या हातात द्यायला छान, शिकायला बहुतेक निरुपयोगी. छिद्रे समान अंतरावर पाडलेली असतात आणि सुरांना समान अंतर चालत नाही. निषाद आणि षड्ज यांची छिद्रे जवळ-जवळ नसतील तर ती बासरी बहुधा सुरात नसते, हे न वाजवताही दिसते. दुकानातली महागडी बांबूची बासरी घेताना दोन चाचण्या कराव्यात. वरची तीन छिद्रे झाकून षड्ज, मग तेच फुंकर वाढवून तार षड्ज, दोन्ही ट्यूनरवर एकाच खुणेवर यायला हवेत. आणि सहाही छिद्रे बंद करून मंद्र पंचम हलक्या फुंकरीत टिकायला हवा. यात नापास झालेली बासरी कितीही सुंदर असली तरी परत ठेवावी.

पांढरी एकची आणि मग सीपीव्हीसीची काळी पाचची बासरी हातात बसली की पुढची पांढरी पाचची करावी. तिला पाऊण इंचाचा शेड्यूल 40 यूपीव्हीसी घ्यावा, आतला व्यास 20.9 मिमी, छिद्रापासून टोकापर्यंत लांबी सुमारे 54 सेंटिमीटर. कृती तीच, मापे लांबीच्या प्रमाणात वाढवायची आणि छिद्रे पुन्हा 6 मिमीपासूनच सुरू करायची. तिच्यात बोटे बरीच फाकावी लागतात. लहान मुलासाठी करत असाल तर आधी कोऱ्या नळीवर पेन्सिलीने खुणा करून त्याची बोटे ठेवून बघावीत, आणि पुरत नसतील तर ती नळी वर्षभर बाजूला ठेवावी.